पासष्टी जवळ आलीय? मेडिकेअर, एजंट आणि डायनिंग टेबलावरचा औषधांचा डबा

मागच्या वर्षी आमच्या घरात दोन मेडिकेअर (अमेरिकेतला पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा) एकदम आली. नवरा पासष्टचा झाला आणि त्याच सुमाराला आईच्या ग्रीन कार्डाला ५ वर्षं पूर्ण झाली. आई ८१ ची, बाबा गेल्यावर साताऱ्याहून इकडे न्यूजर्सीत आमच्याकडेच राहायला आली. मला वाटलेलं एक एजंट बोलवायचा, चहा द्यायचा, दोन सह्या, झालं काम. कसलं काय! एकाच टेबलावर बसून एकाच माणसाने दोघांना एकमेकांच्या अगदी उलट कव्हरेज सुचवलं, आणि गंमत म्हणजे दोन्ही बरोबर होतं. तेव्हा "अमक्याने तो प्लॅन घेतला म्हणून मीपण तोच घेतो" हे आधी डोक्यातून काढा. एजंटकडून नीट काम करून घ्यायचं तर त्याच्यासमोर बसायच्या आधी आपलं थोडं गणित झालेलं पाहिजे, नाहीतर तो बोलत राहतो आणि आपण मान डोलावत राहतो.

आधी शब्द समजून घ्या, पटकन. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलात ॲडमिट झाल्याचा खर्च. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, टेस्ट, ओपीडी. हे दोन मिळून ओरिजिनल मेडिकेअर, हे सरकारी. पार्ट डी म्हणजे औषधं, ते खाजगी कंपनीकडून. मेडिगॅप म्हणजे ओरिजिनल मेडिकेअर जे पैसे भरत नाही ती भोकं बुजवणारी वेगळी पॉलिसी. आणि पार्ट सी, ज्याला सगळे ॲडव्हान्टेज म्हणतात, त्यात खाजगी कंपनी ए आणि बी स्वतःकडे घेते, बहुतेक वेळा डीपण त्यातच असतं. मेडिकेड हे वेगळं प्रकरण, ते कमी उत्पन्नवाल्यांसाठी, नाव सारखं असल्यामुळे अर्धी मंडळी तिथेच गोंधळतात.

पायरी १ : कॅलेंडर काढा

तुमच्या ६५ व्या वाढदिवसाचा महिना, त्याच्या आधीचे ३ आणि नंतरचे ३, असे ७ महिने मिळतात. जूनचा वाढदिवस असेल तर मार्च ते सप्टेंबर. वाढदिवस १ तारखेला असेल तर सगळं एक महिना अलीकडे सरकतं, आपल्याकडे शाळेत घालताना १ जून लावलेले कितीतरी लोक आहेत, त्यांनी हे बघा. आधीच्या ३ महिन्यांत अर्ज केला तर कार्ड वेळेवर हातात पडतं, म्हणून तेव्हाच करा.

हा अर्ज एजंट करत नाही! ए आणि बी सोशल सिक्युरिटीकडे मागायचं, ऑनलाइन, फोनवर किंवा ऑफिसात जाऊन. सोशल सिक्युरिटीची पेन्शन आधीच चालू असेल तर कार्ड आपोआप घरी येतं. एजंटचं काम त्यानंतर सुरू होतं.

उशीर झाला तर पार्ट बीला दंड आहे, पूर्ण १२ महिने उशिराला १० टक्के, आणि तो एकदा भरून सुटत नाही, बी आहे तोवर दर महिन्याला भरायचा. २०२६ ला बीचा हप्ता २०२.९० डॉलर आहे, म्हणजे २ वर्षं उशीर केला तर महिन्याला चाळीसेक डॉलर जास्त, कायमचे. पार्ट डीलाही असाच दंड आहे, दर महिन्याला १ टक्क्याच्या हिशोबाने.

नोकरी चालू असेल, तुमची किंवा बायकोची/नवऱ्याची, आणि त्या कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील, तर कंपनीच्या इन्शुरन्सवर राहून बी लांबवता येतं, नोकरी सुटल्यावर ८ महिने मिळतात. पण कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेला कंपनीचा इन्शुरन्स) यात धरत नाहीत. नोकरी गेली, १८ महिने कोब्रा भरला, मग मेडिकेअरकडे गेले आणि दंड बसला, असं होतं लोकांचं. आणखी एक, एचएसएमध्ये (दवाखान्याच्या खर्चासाठी टॅक्स वाचवून पैसे साठवायचं खातं) पैसे टाकत असाल तर मेडिकेअर घ्यायच्या ६ महिने आधी थांबवा, कारण पासष्टीनंतर अर्ज केला तर पार्ट ए ६ महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतं आणि मग टॅक्समध्ये भानगड होते.

पायरी २ : ४० क्रेडिट आहेत का ते बघा

इथे साधारण १० वर्षं टॅक्स भरून काम केलं की ४० क्रेडिट होतात आणि पार्ट ए फुकट मिळतं. स्वतःचे नसतील तर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या क्रेडिटवरपण चालतं, त्या जोडीदाराचं वय ६२ पाहिजे. भारतातली नोकरी, तिथला पीएफ यातलं काहीच धरत नाहीत, अमेरिका आणि भारतात तसा करारच नाहीये. आणि मुलांच्या क्रेडिटवर आईवडिलांना मिळत नाही. हे मला तिसऱ्यांदा विचारून खात्री करावी लागली, कारण मी इथे तीस वर्षं टॅक्स भरतेय, मला वाटत होतं आईला काहीतरी उपयोग होईल. नाही होत.

तर ग्रीन कार्डवरच्या आईवडिलांना मेडिकेअर मिळतं का? मिळतं, पण विकत. वय ६५ च्या वर आणि इथे सलग ५ वर्षं राहणं झालं की ए आणि बी दोन्ही घेता येतात. एका पैशाचंही क्रेडिट नसेल तर ए चा हप्ता २०२६ ला महिन्याला ५६५ डॉलर, ३० ते ३९ क्रेडिट असतील तर ३११. त्यावर बी चे २०२.९०. म्हणजे आईचे महिन्याला पावणेआठशेच्या घरात, हे ऐकून आईने आधी त्याचे रुपये केले आणि मग "मला काही नको, मी साताऱ्याला जाते" म्हणाली. नुसतं बी घेता येतं, त्याच्याबरोबर डी पण घेता येतं. पण मेडिगॅप आणि ॲडव्हान्टेज दोन्हीला ए आणि बी दोन्ही लागतात, त्यामुळे नुसतं बी घेणं म्हणजे हॉस्पिटलचं बिल अंगावर. या वयात ते परवडण्यासारखं नाही म्हणून आम्ही दोन्ही घेतलं.

त्यांचे ७ महिने ६५ व्या वाढदिवसाभोवती नाही, ५ वर्षं पूर्ण होण्याच्या महिन्याभोवती मोजतात. मधल्या काळात भारतात किती राहिले ते विचारू शकतात, तेव्हा जुने पासपोर्ट फेकू नका. ती ५ वर्षं होईपर्यंत मार्केटप्लेसचा (सरकारी साइटवरून घ्यायचा खाजगी) इन्शुरन्स बघायचा.

पायरी ३ : मोठा फाटा

इथे डाव्या हाताला ओरिजिनल मेडिकेअर + मेडिगॅप + पार्ट डी, उजव्या हाताला ॲडव्हान्टेज. दोन्ही एकदम घेता येत नाही. इथे घाई करू नका, बाकी सगळं नंतर बदलता येतं, हे बदलणं अवघड.

ओरिजिनलमध्ये मेडिकेअर घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर चालतो, रेफरल नको. पण पार्ट बी ८० टक्केच देतं, २० टक्के तुमचे, आणि त्या २० टक्क्यांना वर मर्यादा नाही. हॉस्पिटलात ॲडमिट झालं की पहिले १,७३६ डॉलर (२०२६ ला) तुमचे, आणि हे वर्षातून एकदाच असं नाही, मध्ये ६० दिवस गेले आणि परत ॲडमिट झालात तर परत. म्हणून मेडिगॅप. त्याचे प्लॅन अक्षरांनी ओळखतात आणि मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा, विस्कॉन्सिन सोडून सगळीकडे एका अक्षराचे फायदे सगळ्या कंपन्यांत सारखे असतात. जी म्हणजे जी. त्यामुळे फक्त हप्ता आणि तो दरवर्षी किती वाढत गेलाय एवढं बघायचं. जी मध्ये बीचं वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम (२०२६ ला २८३ डॉलर), तुम्ही भरलं की पुढे मेडिकेअरने मान्य केलेल्या खर्चात जवळपास काही भरावं लागत नाही. एन थोडा स्वस्त, त्यात डॉक्टरकडे गेलं की २० डॉलरपर्यंत, इमर्जन्सीला ५० पर्यंत द्यावे लागतात, आणि डॉक्टरने मेडिकेअरच्या दराच्या वर काही लावलं तर ते तुमचं. जुने लोक एफ ची तारीफ करतात, पण २०२० पासून नव्याने मेडिकेअरला पात्र होणाऱ्यांना तो बंद आहे.

ॲडव्हान्टेजचा हप्ता बऱ्याच वेळा शून्य. बीचा हप्ता मात्र भरायचाच, "शून्य" ऐकून लोक हे विसरतात. दात, चष्मा, श्रवणयंत्र याचं थोडंफार असतं जे ओरिजिनलमध्ये नसतं. वर्षाच्या तुमच्या खर्चाला मर्यादा असते, २०२६ ला नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त ९,२५० डॉलर, बरेच प्लॅन त्याच्या खाली ठेवतात. बदल्यात नेटवर्क, म्हणजे कंपनीने ठरवलेले डॉक्टर-हॉस्पिटल, पाळायचं, आणि एमआरआय, सर्जरी, रिहॅब अशा गोष्टींना आधी कंपनीची परवानगी लागते. तब्येत चांगली असताना हे काहीच जाणवत नाही.

आता ते अवघड का. पार्ट बी लागू झालं (आणि वय ६५ च्या पुढे) की ६ महिने कुठलीही मेडिगॅप कंपनी तुम्हाला तब्येतीवरून नाकारू शकत नाही. शुगर असो, स्टेंट असो. ते ६ महिने गेले की बहुतेक राज्यांत कंपनी प्रश्न विचारते आणि सरळ नाही म्हणू शकते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेन इथे नियम सैल आहेत. म्हणजे मेडिगॅपकडून ॲडव्हान्टेजकडे दरवर्षीच्या बदलाच्या मुदतीत सहज जाल, उलटं जाताना दार बंद असू शकतं. एक पळवाट आहे, ६५ ला पहिल्यांदाच ॲडव्हान्टेज घेतलं असेल तर पहिल्या १२ महिन्यांत परत फिरून मेडिगॅप घेता येतं. ही तारीख लिहून ठेवा.

आमच्याकडे काय ठरलं सांगते. नवरा दर हिवाळ्यात ३ महिने साताऱ्याला असतो. मेडिकेअर भारतात चालत नाही. पण मेडिगॅपच्या जी आणि एन सकट काही प्लॅनमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीचं कव्हर असतं, २५० डॉलर तुमचे, मग ८० टक्के ते देतात, आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. पण हे प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या इमर्जन्सीपुरतंच! हे ६० दिवसांचं मला पुस्तिकेत वाचल्यावर कळलं, तिसऱ्या महिन्यासाठी आता ट्रॅव्हल इन्शुरन्स काढतो. ॲडव्हान्टेजमध्ये ६ महिन्यांपेक्षा जास्त आपल्या भागाबाहेर राहिलं तर साधारणपणे प्लॅनमधून काढून टाकतात, वर्षातले सात-आठ महिने पुण्यात काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. तर नवऱ्याला जी आणि वेगळं डी. आई आता विमानात बसणार नाही म्हणते, तिचे डॉक्टर सगळे एडिसनमध्ये दहा मिनिटांवर, आणि ८१ व्या वर्षी मेडिगॅपचा हप्ता बराच चढा असतो, वरून ए चे ५६५ आहेतच. तिला ॲडव्हान्टेज.

पायरी ४ : औषधांचा डबा रिकामा करा

एजंट घरी आला तेव्हा मी हुशारीने आईच्या औषधांची यादी तयार ठेवली होती. त्याने लॅपटॉपवर पहिलं नाव टाकलं, ग्लायकोमेट. काही येईना. टेल्मा, नाही. थायरोनॉर्म, नाही. आईची निम्मी औषधं साताऱ्याहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर यायची ना, त्यामुळे यादीत सगळी भारतातली ब्रँडची नावं! मग आईने स्टीलचा डबा आणून टेबलावर उपडा केला आणि आम्ही पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर मोबाईलच्या टॉर्चने वाचत बसलो. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ही इथे मिळतात. पण शुगरची एक गोळी होती विल्डाग्लिप्टिन, तिला अमेरिकेत मान्यताच नाही, कुठल्याच प्लॅनमध्ये सापडणार नाही. डॉक्टरकडून आधी दुसरी लिहून घ्यावी लागली आणि मग प्लॅन बघितला. आई एजंटला म्हणे, "अहो भाऊ, आठ वर्षं तीच घेतेय, काय झालं मला?"

तर यादी अशी करा: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती, आणि कुठल्या फार्मसीतून घेता. फार्मसी बदलली की तीच गोळी वेगळ्या भावाने पडते. पार्ट डीमध्ये २०२६ ला वर्षाला तुमच्या खिशातून २,१०० डॉलरच्या वर जात नाही, पण ते प्लॅनच्या यादीतल्या औषधांचंच. यादीबाहेरचं मोजत नाहीत. हीच यादी मेडिकेअर डॉट गव्हवरच्या प्लॅन फाइंडरमध्ये स्वतः टाकून बघा, अर्धा तास लागतो, एजंट जे दाखवतो ते त्याच्याशी जुळतं का कळतं.

दुसरी यादी डॉक्टरांची. ज्यांना सोडायचं नाहीये त्यांची नावं वर लिहा. ॲडव्हान्टेज बघत असाल तर डॉक्टरच्या ऑफिसला स्वतः फोन करा. आम्ही पहिल्यांदा ज्या एजंटशी बोललो त्याने छातीठोक सांगितलं की आईचा हार्टवाला डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे. मी तरी फोन केला. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, कंपनी घेतो हो, पण त्यांचा पीपीओ (नेटवर्कबाहेरचे डॉक्टरही चालणारा प्लॅन), एचएमओ (नेटवर्कपुरताच) नाही. कार्डावरचं पूर्ण प्लॅनचं नाव वाचून दाखवा, "अमकी कंपनी घेता का" एवढंच विचारू नका.

तिसरा कागद टॅक्स रिटर्नचा. दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न (२०२६ च्या हिशोबाने) एकट्याचं १,०९,००० डॉलर किंवा दोघांचं मिळून २,१८,००० च्या वर असेल तर बी आणि डी वर जादा रक्कम लागते, तिला इर्मा म्हणतात. रिटायर झाल्यामुळे उत्पन्न उतरलं असेल तर एसएसए-४४ फॉर्म भरून कमी करून मागता येते. उलट उत्पन्न कमी असेल तर एक्स्ट्रा हेल्प आणि मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅमबद्दल विचारा, आणि आईवडिलांना तुम्ही स्पॉन्सर केलं असेल तर तेही तेव्हाच सांगा.

पायरी ५ : एजंट

एजंटला तुम्ही पैसे द्यायचे नसतात. त्याला कंपनी देते, आणि एजंट घेतला नाही म्हणून तुमचा हप्ता कमी होत नाही, त्यामुळे चांगला असेल तर जरूर घ्यावा, मी एजंटच्या विरोधात अजिबात नाही. आमचा दुसरा एजंट खरंच चांगला होता, ओकट्री रोडजवळ ऑफिस, आईशी तोडक्यामोडक्या मराठीत बोलला. पण तो कसा कमावतो हे माहीत असू द्या. ॲडव्हान्टेजच्या नव्या माणसामागे कमिशनची कमाल सरकारने ठरवलेली आहे, २०२६ ला बहुतेक राज्यांत ६९४ डॉलर आणि पुढे तुम्ही राहाल तोवर दरवर्षी त्याच्या निम्मे, न्यूजर्सी-कॅलिफोर्नियात जास्त. नुसत्या पार्ट डीचं त्यामानाने अगदी किरकोळ. मेडिगॅपचं हप्त्याच्या टक्क्यांवर असतं. म्हणून कुठला एजंट फक्त ॲडव्हान्टेजच दाखवत असेल तर विचारा, मेडिगॅप विकता का? नाही म्हणाला तर त्याच्याकडे एकच बाजू आहे, दुसरी कोणाकडून तरी ऐका.

मी काय काय विचारलं: तुम्ही एकाच कंपनीचे की बऱ्याच कंपन्यांचे? आमच्या काउंटीतल्या किती कंपन्या तुमच्याकडे नाहीत? (सगळ्या नसतील तर तसं सांगणं त्याला नियमाने बंधनकारक आहे.) लायसन्स नंबर काय? तो राज्याच्या इन्शुरन्स खात्याच्या साइटवर तपासता येतो. मेडिगॅपचा हप्ता वयाबरोबर वाढतो की सगळ्यांना सारखा? मागच्या काही वर्षांत किती वाढला? आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तुम्ही फोन कराल का? शेवटच्या प्रश्नाला पहिला एजंट हसला होता.

ॲडव्हान्टेज किंवा डी बद्दल बोलायच्या आधी तो एका फॉर्मवर सही घेईल, कुठल्या विषयावर बोलायचं ते त्यात असतं. ती सही म्हणजे प्लॅन घेतला असं नाही, घाबरू नका.

ज्याला तुम्ही बोलावलं नाही तो या प्लॅनसाठी फोन करू शकत नाही, दारावर येऊ शकत नाही. फुकट जेवण घालून प्लॅन विकायलाही बंदी आहे. तरी फोन येतात, "मेडिकेअरमधून बोलतोय, तुमचं नवीन कार्ड आलंय, किराण्याचे पैसे मिळतील, फक्त नंबर सांगा." लाल-पांढऱ्या-निळ्या कार्डावरचा ११ अक्षरी नंबर म्हणजे घराची किल्ली समजा. आपण स्वतः निवडलेल्या एजंटला आणि डॉक्टरला सोडून कोणाला द्यायचा नाही.

एजंटवर विश्वास बसत नसेल किंवा दुसरं मत पाहिजे असेल तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला सेवा आहे, कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात. ते काही विकत नाहीत म्हणून त्यांना कुठल्या एका बाजूला ओढायचं कारण नसतं. आम्ही आईचा निर्णय सही करायच्या आधी तिथे वाचून दाखवला, तिथल्या काकूंनी एकच गोष्ट बदलायला लावली, आईच्या फार्मसीचं नाव.

पायरी ६ : सही आणि त्यानंतर

सहीच्या आधी मोठ्याने वाचून घ्या: प्लॅनचं पूर्ण नाव, कुठल्या तारखेपासून, हप्ता किती, डॉक्टर भेटीचे किती, ॲडमिट झालं तर दिवसाचे किती, वर्षाची मर्यादा किती. आईवडिलांसाठी करत असाल तर त्यांच्या भाषेत सांगा, दुभाष्याची सोय फुकट मागता येते. जुना इन्शुरन्स नवीन चालू झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत बंद करू नका.

मग दरवर्षी सप्टेंबरअखेर प्लॅनकडून पुढच्या वर्षीच्या बदलांचं जाडजूड पत्र येतं. ते जाहिरातींबरोबर कचऱ्यात जातं बऱ्याच घरांत. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर डी किंवा ॲडव्हान्टेज बदलता येतं, आणि ॲडव्हान्टेजवाल्यांना जानेवारी ते मार्चमध्ये एकदा अजून संधी असते. औषधांची यादी दर ऑक्टोबरला पुन्हा टाकून बघा, गेल्या वर्षीचा स्वस्त प्लॅन यंदा तसाच असेल असं नाही.

ते फोन अजून येतात. आई उचलते, समोरचा दोन मिनिटं बोलून घेतो, मग ती शांतपणे म्हणते "मुलगी ऑफिसला गेलीय, आणि मला ऐकू येत नाही," आणि ठेवून देते.